आधी कुणाला काढायचं

कोळवणच्या खोऱ्यात कुणी गेलं की पहिला फोन भावकीला जातो आणि दुसरा शूटिंगवाल्या नानांना. भावकी लाकडं बघते, नाना फोटो बघतात. दहाव्याच्या आत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायला हवा आणि फ्लेक्सवर लावण्यासारखा फोटो घरात नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, ज्यात माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो. मग थोरला मुलगा स्टँडशेजारच्या पत्र्याच्या गाळ्यात येतो आणि दारातूनच विचारतो, "नाना, आमचा बा असंल का वो तुमच्याकडं?"

"असंल की. बस. चा घे."

नाना कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग लावत, पुढे-मागे करत आणि पंगतीच्या टोकाला बसलेला बा शोधून काढत. त्यामुळे त्या खोऱ्यातले सगळे मयत फेटा बांधून, कपाळाला गंध लावून, आत्ताच कुणाच्या तरी वरातीतून आल्यासारखे फ्लेक्सवर हसत असतात. एकाच्या हातात तर आइस्क्रीमचा कप राहून गेला होता. मुलगा म्हणाला, "नाना, कप काढा की." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लई आवडायचं त्याला."

नाना मेंढरं राखणाऱ्या घरातले. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतात. नानांनी तरुणपणी कुणाचा तरी जुना कॅमेरा हातात घेतला आणि तो खाली ठेवलाच नाही. उंच, वाळके, उजवा खांदा कायमचा खाली गेलेला. शूटिंग करून करून बोलतानासुद्धा त्यांचा डावा डोळा मिटायचा. पहिल्या भेटीत मला वाटलं हा गृहस्थ मला डोळा मारतोय. मीही एकदा मारला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

इतर शूटिंगवाले नवरा-नवरीभोवती फिरतात, आता तर ड्रोन उडवतात. नाना अक्षता पडल्या की मांडवाच्या कडेला जात आणि तिथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवर एकेक करून कॅमेरा थांबवत. नवरीकडचे चिडायचे. "नाना, नवरी कमी अन् म्हातारीच जास्त आल्यात की!" नाना म्हणायचे, "नवरी काय, उद्या बी हाय."

म्हाताऱ्यांनाही हे ठाऊक होतं. एका हळदीला मी कानांनी ऐकलंय. कॅमेरा समोर आला तशी एक आजी पदर सारखा करत म्हणाली, "माझा फ्लेक्सचा काढतुयास काय रं? मग जरा नीट काढ. गेल्या बारीला डोळं मिटल्यालं आलंत."

"मिटल्यालं तर मिटल्यालं," नाना म्हणाले. "तवा तसंच असत्यात."

आजी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

एकदा एका मयताच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आला होता. तो त्याच्या सख्ख्या भावाचा. दोघांचं बांधावरून कोर्टात चाललेलं. मुलांनी हुकूम सोडला, काकाचा हात उडवा. नानांनी शांतपणे स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "हात काढला तर खांदा जातुया. बिगरखांद्याचा बा लावू का चौकात?" हात राहिला. दहाव्याला तो भाऊ आला, फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा राहिला. लोकांना वाटलं, पाझर फुटला. नाना मला म्हणाले, "कशाचा पाझर. सोताची अंगठी दिसतीया का बघत हुता."

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी मूळचा परभणीकडचा. हिंजवडीत एका कंपनीत आहे, नेऱ्यात फ्लॅट आहे, आणि एका दिवाळीच्या बोनसच्या भरात कोळवणला चार गुंठ्यांचा तुकडा घेऊन बसलो आहे. दर रविवारी मी तो बघायला जायचो. तुकडा बघायला फार वेळ लागत नाही. उरलेला दिवस नानांच्या गाळ्यात जायचा.

हिंजवडीला कामाला असलेला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करू शकतो, असं खोऱ्यात सगळे धरून चालतात. माझं कंपनीतलं काम म्हणजे, इतरांनी तपासणी केल्यावर ती केल्याची नोंद त्यांनी केली आहे का, हे तपासणं. कॉम्प्युटरच्या आत काय असतं ते मी पाहिलेलं नव्हतं. पण नाना आल्यागेल्याला "हे इंजनेर सायेब" अशी माझी ओळख करून द्यायचे आणि मी मान हलवायचो. घरी बायकोने मला कधी मिक्सरच्या झाकणालाही हात लावू दिला नव्हता. मला तो मान सोडवेना.

नानांच्या त्या कॉम्प्युटरमध्ये एक हार्ड डिस्क होती. जुन्या कॅसेटींपासून सगळी लग्नं त्यांनी तिच्यात आणून टाकली होती. लोकांना दिलेल्या प्रतींवर गाणी चढवलेली असायची. त्याला नाना 'पक्कं' म्हणत. डिस्कवर होतं ते 'कच्चं', न कापलेलं, गाण्यांशिवायचं, मूळ आवाजासकट. खोऱ्याची दोन पिढ्यांची तोंडं त्या एका डिस्कवर होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

आणि त्या कच्च्यात शालनवहिनी होत्या. दिसत कुठेच नव्हत्या. नानांची ही बायको जन्मभर त्यांच्यामागे लाईट धरून उभी राहिली. मी खोऱ्यात यायच्या आधीच त्या वारल्या. पण बँड थांबला की कच्च्यात त्यांचा आवाज यायचा, नाना मला म्हणून दाखवायचे. "आवो, वायर पायात यील." "बॅटरी उतारली, बास करा." "त्या मावशीचा घ्या की, मघाधरनं पदर सावरून बसल्यात." पक्क्यात त्यांच्यावर सगळीकडे गाणी होती. म्हणजे साऱ्या जगात शालनवहिनींचा आवाज होता तो एवढ्या एका डिस्कवर. दुपारी जेवण झालं की नाना शटर अर्धं ओढत, हेडफोन लावत आणि डोळे मिटून बसत. दोन्ही डोळे. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी बा मागायला येत नसे.

आता दसरा.

खंडेनवमीला नानांनी गाळा धुतला, कॅमेरे मांडले, तिवया मांडल्या. कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं असायचं. बनियनवर बसलेल्या माणसासारखा तो बसलेला. नाना ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमी करा सायेब. तुमचं हत्यार हाय."

मी भारावलो. कुंकवात पाणी घालून चांगला पातळ गंध केला आणि डब्यात हात घालून हार्ड डिस्कला ठसठशीत बोट लावलं. एक पुरेसं वाटेना म्हणून दुसरं लावलं. ओघळ कुठे गेला ते पाहिलं नाही. मी झेंडूची फुलं वाहण्यात गुंतलो होतो.

हा प्रसंग मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पुष्कळदा सांगितला आहे. लोक खूप हसतात. कँटीनमध्ये सांगताना कुंकू नाना लावतात.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि नानांचा फोन आला. "सायेब, पिवळं आलंय."

"काय पिवळं?"

"तिरकोन. मधी उद्गार काढलाय."

मी रविवारी ऐटीत गेलो. बसमध्ये मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. हार्ड डिस्क आपल्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवते आणि ती वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो मी चढवला. वरच पिवळी चौकट: सावधान. खाली ओळीच ओळी. कॉम्प्युटर अडखळत होता, शूटिंग मध्येच थिजत होतं.

"ह्यो कशाचा आकडा?" नानांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की तिथला माल राखीव जागेत हलवतात. असं किती वेळा झालं, त्याचा."

"म्हंजी पुनर्वसन म्हना की."

"तसंच."

"किती झालंय?"

"शून्य."

"मग बराबर हाय," नाना म्हणाले. धरणाच्या पाण्याखाली त्यांच्या आजोळचं गाव होतं. "पुनर्वसनच हाय."

मी हसलो आणि त्या शून्याकडे लक्ष द्यायला विसरलो. चांगली की खराब या निकालाच्या प्रतीक्षेतल्या जागांचा आकडाही शून्यच होता. माझी नजर अडकली होती पहिल्या ओळीवर. वाचण्यातल्या चुकांपुढे एवढा मोठा आकडा होता की मला तो धड वाचता येईना. मी खुर्ची मागे सरकवली आणि हॉस्पिटलातले डॉक्टर बाहेर येऊन बोलतात त्या आवाजात म्हणालो, "नाना, डिस्क जाणार."

नानांनी ओळीवरचं बोट काढून घेतलं.

मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी पुढे सूचना दिल्या. प्रत्येक वेळी चालू केली की ती शेवटची ठरू शकते. कॉपी करण्यापुरतीच चालू करायची, एरवी हात लावायचा नाही. नवी डिस्क आणू, पण सगळं निघेलच असं नाही. म्हणून आधी कुणाला काढायचं, ते तुम्ही ठरवा.

"दुपारचं बी न्हाई लावायचं?"

"नाही नाना. दुपारचं तर मुळीच नाही."

बातमी खोऱ्यात पसरली. पुढच्या रविवारी गाळ्यासमोर ही गर्दी. सरपंच स्वतः आलेले. "नाना, आमच्या आबांचं आधी काढा. काय लागंल ते सांगा."

"आबांचं कशाला? आबा पंचायतीत हायेत, डेरीत हायेत, शाळंत हायेत. तुमच्या जीपच्या काचंवर बी हायेत. आबा बुडत न्हाईत."

लोक हसले. सरपंचही हसले, जरा उशिरा.

नानांचा हिशेब सरळ होता. ज्याचा दुसरीकडे फोटो आहे तो मागे, ज्याचा कुठेच नाही तो पुढे. आणि त्यांना सगळं तोंडपाठ. मेंढरात वाढलेला माणूस, एकदा पाहिलेलं तोंड विसरायचा नाही. सगळ्यात आधी त्यांनी मला एका लग्नाचा मागचा भाग काढायला लावला. चुलाणाशेजारी बसून पातेली घासणारी एक कातकरी म्हातारी होती, कॅमेऱ्याकडे बघून तोंडावर राखेचा हात धरलेली.

"कोण ही?"

"नाव न्हाई ठाव."

"मग कोण मागायला येणार हिचा फोटो?"

"कुणीच न्हाई," नाना म्हणाले. "म्हून तर आधी."

मी विचारलं, "आणि वहिनींचं? तुमच्याच नियमाने त्यांचं पहिलं यायला हवं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

"तिचं मागनं. शेवटाला." नानांनी डावा डोळा मिटला. "तिला मी हाय की. मला समदी पाठ हाय."

त्याच आठवड्यात मी घरी पहिल्यांदाच नीट वाचायला बसलो. हौसेने नव्हे. पुढच्या रविवारी लोक प्रश्न विचारतील या भीतीने.  पहिल्या ओळीतला तो अगडबंब आकडा त्या बनावटीच्या डिस्कवर नेहमीच तसा दिसतो, त्यावरून घाबरायचं काही कारण नसतं. बघायची ती पुनर्वसनाची ओळ आणि प्रतीक्षेतली ओळ, आणि ती दोन्ही शून्य होती. वाढत होती ती भलतीच एक ओळ. डिस्क ते कॉम्प्युटर या वाटेवर माल नेताना झालेल्या चुकांची. त्यापुढे लिहिलं होतं, आधी केबल तपासा.

रविवारी नाना चहा सांगायला गेले तेव्हा मी डब्यात हात घालून केबल उपसली. तिच्या टोकाशी लाल खपली धरली होती. वाळलेली, ठसठशीत.

नाना कपबशा घेऊन आले तेव्हा ती केबल माझ्या खिशात होती. पौडहून आणलेली नवी मी लावून टाकली होती. चुकांचा आकडा मी तासभर पाहत बसलो. तो आकडा कधी कमी होत नसतो. वाढायचा थांबतो, एवढंच. तो थांबला होता.

"कसं हाय?" नानांनी विचारलं.

"केबल बदललीय. जरा बरं चालेल," मी म्हणालो. आणि मग, गार झालेल्या चहाचा घोट घेऊन, "पण भरवसा नाही."

का म्हणालो? स्वतःला मी बरीच कारणं दिली. दुसरी प्रत होतेय ते चांगलंच आहे, निरोगी डिस्कचीही व्हायलाच हवी, भीती असली की कामं होतात. सगळी खरी आहेत. पण त्या वेळी दारात एक बाई उभी होती. दुपारच्या एसटीने लवळ्याहून आली होती, आणि माझ्याकडे बोट दाखवून सोबतच्या जावेला सांगत होती, "ह्येच ते. माणसं वाचवत्यात." मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर खिशातली ती लाल खपली बाहेर काढावी लागली असती, आणि बोट माझं होतं.

काम रविवारी रविवारीच चाले, कारण माझ्याशिवाय दुसऱ्याला नाना हात लावू देत नसत. जुना कॉम्प्युटर, अवाढव्य फायली. पूर्ण लग्नसराई गेली. लोक यायचे, आपली माणसं पेनड्राइव्हवर घालून न्यायचे, जाताना मला काकड्या द्यायचे, तांदूळ द्यायचे. मी घ्यायचो. बायको विचारायची, "कसले तांदूळ?" मी म्हणायचो, "तिथली पद्धत आहे."

एका दुपारी शटर अर्धं ओढलेलं होतं. मी वाकून आत डोकावलो. नाना खुर्चीत, हेडफोन कानावर, दोन्ही डोळे मिटलेले. कॉम्प्युटर बंद होता. हेडफोनची पिन त्यांच्या मांडीवर पडली होती.

मी आल्याचं त्यांना कळलं. "सवय हाय," ते म्हणाले. "आठवून आठवून ऐकतुया. कुटं काय बोलली ते येतंय समदं."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी विचारलं, "चहा सांगू?"

शेवटी वैशाखात वहिनींची पाळी आली. सगळं कच्चं नव्या डिस्कवर उतरलं, एकही फाइल न अडखळता. उतरणारच होतं. मी मोठ्या मनाने म्हणालो, "नाना, आता बिनधास्त ऐका."

नानांनी शटर अर्धं ओढलं, हेडफोन लावला. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आनंद बघायला बसलो होतो, जणू तो मीच दिला होता. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. जरा मागे नेलं, परत ऐकलं. मग हेडफोन गळ्यात घेतला.

"बिघडलंय का काही?" मी विचारलं.

"न्हाई. हाय तिचंच." ते बोट चोळत बसले. "पर मधी ह्ये बंद हुतं नव्हं, तवा मी आठवून ऐकायचो. त्यात ती निराळी झाली वाटतं. दमानं बोलाया लागलीवती. आता ही आयकली तर चिडकीच वाटतीया. परक्यावानी."

 मी सांगून टाकलं. कुंकू, ओघळ, केबल, त्या रविवारचं खोटं, सगळं. कँटीनचंसुद्धा. सांगताना माझी नजर फरशीवर होती. डिस्क कधी आजारीच नव्हती, हे वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा ते नीट बाहेर पडलं नाही.

"म्हंजी," नाना म्हणाले, "रोज आयकलं असतं तरी चाललं असतं?"

"हो."

"अन् तुमास्नी ठाव हुतं."

"हो."

 नाना दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "सायेब, तुमी कंपनीत नेमकं करता तरी काय?"

मी सांगितलं. खरं काय ते, पहिल्यांदाच. इतरांनी तपासणी केल्याची नोंद केली का, ते तपासतो.

"हां," नाना म्हणाले. त्यात राग नव्हता असं म्हणता येणार नाही.

ते उठले. मला वाटलं, आता जा म्हणतील. मीही उठून दारापर्यंत आलो. नानांनी माझ्या बाजूने हात घालून शटर पार वर ढकललं. दुपारचं ऊन आत आलं. मग त्यांनी आत जाऊन हेडफोनची पिन ओढून काढली. आजवर त्यांनी तो आवाज कधी बाहेर ऐकवला नव्हता. छोट्या स्पीकरमधून बँड, पोरांचा गलका, कुणाची तरी शिट्टी, भांडी. स्टँडवर जीपची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. बँड थांबला आणि एक बाई अगदी जवळून, खणखणीत, चिडून बोलली.

"ओ पाव्हणं! दारात काय उभं ऱ्हायलाय? उजेड येऊ द्या की आत!"

मी बाजूला झालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्ची स्क्रीनजवळ ओढत ते म्हणाले, "सरकलं ते. बोल तू म्होरं."